नात्यातल्यांचं रिटर्न

ईरी, पेनसिल्व्हेनिया
११ फेब्रुवारी २०१९

श्री. लेनर्ड ग्राबोस,

मायना काय लिहावा यावर बराच वेळ घालवला आणि शेवटी सोडून दिलं. 'प्रिय' लिहिलं तर खोटं होईल, आणि 'बाबा' लिहायची सवय राहिलेली नाही. म्हणून नुसतं नाव.

शनिवारी ग्रंथालयाच्या तळघरात, लोकांचं टॅक्सचं रिटर्न फुकट भरून देतात तिथे, तुमच्या टेबलासमोर बसलेली बाई मीच. मार्सी हुलिक, लग्नाआधीची मार्सी ग्राबोस. हे तुम्हाला शेवटी कळलं. पण कळेपर्यंत जे बोलणं झालं ते तुम्ही विसरला असाल तर आठवण करून देते, कारण मला त्यातला शब्द न् शब्द पाठ आहे.

गळ्यात बिल्ला, चष्म्याला दोरी, समोर पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी. "या, बसा. थंडी फार आहे ना आज? कागद आणलेत सगळे?" इतका मऊ आवाज. माझ्या आधी बसलेल्या म्हाताऱ्याला तुम्ही एकच गोष्ट तीनदा समजावून सांगितलीत आणि तिन्ही वेळा तितक्याच शांतपणे. आमच्या घरी तुम्ही कुणाला एकदा तरी काही समजावल्याचं मला आठवत नाही.

मग प्रश्न सुरू झाले. लग्न झालंय का? झालं होतं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी नवरा होता का? नव्हता. मुलं? एक मुलगी, नऊ वर्षांची. नाव? टेस.

"छान नाव आहे," तुम्ही म्हणालात. स्वतःच्या नातीचं नाव टाइप केलंत, स्पेलिंग बरोबर आहे का ते मला विचारलंत, आणि छान आहे म्हणालात.

"तिच्या वडिलांकडून काही मदत?"

"काही नाही."

"असतात असे लोक," तुम्ही म्हणालात. मान हलवलीत. गोळ्यांची वाटी माझ्याकडे सरकवलीत.

हे वाक्य मी घरी घेऊन आले आहे. भांडी घासताना, नर्सिंग होमच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालताना, ते मी स्वतःशी म्हणून बघते. असतात असे लोक.

पुढचा प्रश्न होता, घरात आणखी कोणी राहतं का, ज्याचा खर्च तुम्ही करता. मी म्हटलं, आजी आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची, माझ्या वडिलांची आई. तुम्ही टाइप करता करताच म्हणालात, "नातीनं आजीला सांभाळायचं म्हणजे सोपं नाही. नाव सांगा."

"स्टेशा ग्राबोस."

तुमची बोटं थांबली. तुम्ही माझं ओळखपत्र उचललंत, फोटो बघितलात, परत खाली ठेवलंत. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. उठलात. पलीकडच्या टेबलावरच्या मिसेस पॅक्सनना म्हणालात, "नात्यातलं आहे, मला करता येणार नाही." खुर्चीवरचा कोट घेतलात आणि जिना चढून गेलात.

नियम आहे म्हणे. मिसेस पॅक्सननी मला नीट सांगितलं, वर पाणीही आणून दिलं. नात्यातल्यांचं रिटर्न आम्ही भरत नाही, दुसऱ्याकडे देतो. असेल. पण काम दुसऱ्याकडे देऊन माणूस तिथेच बसू शकतो. निदान एक वाक्य बोलू शकतो. तुम्ही कोट उचललात. कोट उचलून जाताना तुम्हाला बघायची ही माझी पहिली वेळ नव्हे.

माझं रिटर्न अर्धवट राहिलं. येत्या शनिवारी मिसेस पॅक्सननी बोलावलंय. तेव्हा तुम्ही तिथे असू नका.

हे पत्र तुमच्या मायेपोटी लिहीत नाही. जानेवारीत आमच्या तळघरातली, घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली. ओव्हनचं दार उघडं ठेवून आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसतो. गेल्या वर्षी मी नाक्यावरच्या टॅक्सवाल्या दुकानात गेले होते. त्यानं 'लगेच पैसे हातात' म्हणून रिफंडाचा असा लचका तोडला की तेव्हाच शपथ घेतली, पुन्हा नाही. मला तुमच्याकडून काही नको. मला माझेच पैसे सरकारकडून परत हवेत. ते ज्या खोलीत फुकट मागून मिळतात, त्या खोलीत तुम्ही बसता. एवढाच आपला संबंध.

हे पत्र ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुमचा पत्ता मला नको आहे.

मार्सी हुलिक


२५ फेब्रुवारी

श्री. ग्राबोस,

पाकिटावर मी माझा पत्ता लिहिला तो सवयीनं. तुम्ही उत्तर पाठवावं म्हणून नव्हे. तरी चार पानं आली.

आधी कामाचं. मिसेस पॅक्सननी रिटर्न पुरं केलं. दुसऱ्या एका गृहस्थांनी पहिल्यापासून तपासलं आणि मग पाठवलं. तुम्ही नव्हतात. सांगितलेलं ऐकलंत, आश्चर्य आहे.

आता तुमची चार पानं.

तुम्ही लिहिता, कारखान्यातून कमी केल्यावर घरी तोंड दाखवायची लाज वाटली. त्या वर्षी इंजिनांच्या कारखान्यातून अर्धा मोहल्ला कमी झाला होता. सगळ्या बापांना लाज वाटली असेल. ते लाज घेऊन घरी आले, टीव्हीसमोर बसले, बायकांची बोलणी खाल्ली. तुम्ही टेक्ससला गेलात. अकरा वर्षांच्या मुलीला 'दूध घेऊन येतो' असंही सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर निदान दुधाची वाट बघितली असती.

तुम्ही लिहिता, दारू सुटली. चांगलं झालं. तुम्ही लिहिता, तिकडे एका आश्रयगृहात कुणीतरी तुमचं रिटर्न फुकट भरून दिलं, त्या माणसानं तुम्हाला माणसासारखं वागवलं, तेव्हा ठरवलं की आपणही हे काम शिकायचं. तेही चांगलं. पण परक्यांच्या चार पोरींची नावं नीट टाइप केली की स्वतःच्या पोरीचं फिटतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

आणि ते पडदे. 'चार वर्षांपूर्वी परत आलो. पहिल्याच आठवड्यात आईच्या घरावरून गेलो. खिडकीत दुसरे पडदे होते, दारात लहान मुलाची सायकल होती. आई गेली असं समजलो.'

हे वाक्य वाचून मी पत्र टेबलावर ठेवलं आणि अंगणातला बर्फ उपसायला गेले. आमचा बर्फ उपसून झाला तेव्हा शेजाऱ्यांचाही उपसला.

तुमची आई पॅरिशच्या चर्चच्या पायरीवर घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. त्या घराच्या जिन्यावर तिला चढता येईना, म्हणून घर विकलं, आणि मी तिला माझ्याकडे आणलं. आठ वर्षं झाली. त्या घरापासून माझं घर सहा गल्ल्या लांब आहे. पॅरिशच्या दारात उभं राहून कुठल्याही म्हातारीला विचारलं असतंत, तर तिनं तुमचा कान धरून माझ्या दारात आणून उभं केलं असतं. वाटेत दोन ठेवूनही दिल्या असत्या. तुम्ही विचारलं नाहीत, कारण मेलेल्या आईला तोंड दाखवावं लागत नाही. पडदे बघून तुम्हाला सुटल्यासारखं झालं. नाही म्हणा.

तुम्ही एक प्रश्न विचारलाय. मी तिथे असतो हे तुला माहीत होतं का?

होतं.

आमच्या धोबीखान्यातली ग्वेन जानेवारीच्या शेवटी तिथे जाऊन आली. म्हणाली, "तुझ्या माहेरच्या आडनावाचा एक म्हातारा बसतो तिसऱ्या टेबलावर. फार सांभाळून बोलतो गं. तुमच्यातला का?" मी म्हटलं, गावात ग्राबोस पुष्कळ आहेत. शनिवारी जाऊन नंबर घेतला. माझा नंबर पुकारला तेव्हा पहिलं टेबल रिकामं होतं. मी मागच्या बाईला म्हटलं, तुम्ही जा. मग तिच्या मागच्यालाही पुढे सोडलं. तुम्ही मोकळे होईपर्यंत थांबले.

का, ते विचारू नका. मी खुर्चीत बसले की तुम्ही ओळखाल असं मला वाटलं होतं. इतकंच.

बुशाला यातलं काही माहीत नाही. आजीला आम्ही अजून बुशाच म्हणतो, हे तरी आठवत असेल. दर रविवारी ती तुमच्या नावानं मेणबत्ती लावते. जिवंतांची की मेलेल्यांची, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही तिला भेटायचा विचारही करू नका. तिचं हृदय नाजूक आहे आणि तुम्हाला थांबायची सवय नाही. या दोन गोष्टी एका घरात नकोत.

पुन्हा लिहू नका.

मार्सी हुलिक


१६ मार्च

लेन ग्राबोस,

'तुम्ही' संपलं. काल रात्रीनंतर मला ते लिहिता येत नाही. भांडायला 'तू'च लागतं.

काल मी कामावरून घरी आले तेव्हा घरात कुणी नव्हतं. टेस शाळेच्या गायनाला गेली होती, ते मला माहीत होतं. पण बुशाची खुर्ची रिकामी, कोट नाही, काठी नाही. गेल्या डिसेंबरपासून ती एकटी दाराबाहेर गेलेली नव्हती. मी शेजारी विचारलं. पॅरिशमध्ये फोन केला, तिथे कुणी उचलला नाही. मग दोन्ही हॉस्पिटलांत फोन केले. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पांढरे केस, राखाडी कोट, कुणी आणलीय का? एकीकडे मला थांबवून ठेवलं आणि गाणं लावलं. ते गाणं मी ऐकत उभी होते तेव्हा तुम्ही दोघं पॅरिशच्या हॉलमध्ये बसून तळलेला मासा खात होतात. ईस्टरआधीच्या उपवासात शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून मासा. सगळ्या गावासमोर.

काय काय झालं ते मी आता दोघींकडून ऐकलंय, मिसेस पॅक्सनकडून आणि बुशाकडून. तू तिथे होतास, तरी लिहिते. माझ्या घरात हे कसं घुसलं ते तुला कळू दे.

गेल्या आठवड्यात मिसेस पॅक्सननी घरी फोन केला, रिटर्न मंजूर झालं, पैसे निघाले म्हणून सांगायला. फोन बुशानं घेतला. त्या बिचाऱ्या बाईला काय ठाऊक. म्हणाली, "लेनला ऐकून बरं वाटेल." बुशा फक्त म्हणाली, "हो, वाटेल." मला रिफंडाचा निरोप दिला, बाकी चकार शब्द नाही. पाच दिवस माझ्यासमोर बसून विणकाम केलं. काल मी कामावर गेले तशी म्हाताऱ्या माणसांची व्हॅन मागवली आणि ग्रंथालयात गेली.

लिफ्टनं खाली. नंबर घेतला. मांडीवर पर्स, पर्समध्ये विजेचं जुनं बिल, हॉस्पिटलचं कार्ड आणि जपमाळ. मिसेस पॅक्सन म्हणाल्या, "आजी, तुम्हाला नुसतं पेन्शन आहे. रिटर्न भरायची गरजच नाही."

"गरज आहे की नाही ते मी बघेन. मला तिसरं टेबल हवंय."

तुझ्यासमोर जाऊन ती बसली तेव्हा तू उठलास. अर्थातच उठलास.

"बस," ती म्हणाली.

तू बसलास. हे मिसेस पॅक्सननी सांगितलं.

"विचार," बुशा म्हणाली.

"काय विचारू, आई?"

"येणाऱ्या प्रत्येकाला विचारतोस तेच. मी नंबर घेतलाय."

आणि तू विचारलंस. नाव. वय. नवरा आहे का? गेला. मुलं?

"एक. मुलगा."

"तुमच्याजवळ राहतो?"

"नाही."

"त्याच्याकडून काही..." तुला पुढे बोलवेना. मिसेस पॅक्सन सांगत होत्या, तू कीबोर्डवर हात ठेवून नुसता बसलास आणि चष्म्याखालून पाणी गळायला लागलं. बुशा म्हणाली, "लिही मेल्या, मागे लोक ताटकळलेत. लिही, नाही."

हे सांगताना मिसेस पॅक्सनचा आवाज भरून आला. माझा नाही आला. मला एकच दिसत होतं. तीच खुर्ची, तेच प्रश्न. मी बसले तेव्हा तू जिना चढलास, आणि ती बसली तेव्हा रडलास.

मग तिनं सांगितलं की व्हॅन गेली, मला घरी सोड. वाटेत म्हणाली, शुक्रवार आहे, भूक लागलीय.

सात वाजता तुझी गाडी दारात लागली. मी ओसरीवरच उभी होते. तू तिला पायऱ्या चढवायला हात पुढे केलास आणि मी म्हटलं, "हात लावू नका." दोन्ही बाजूंनी आपण दोघं आणि मध्ये ती. ती तुझाही हात धरेना, माझाही धरेना. कठड्याला धरून, एक एक पायरी, स्वतःची स्वतः चढली. वर येऊन म्हणाली, "दोघांनी बघून घेतलं ना? आता झोपते."

मग तू पॅरिशच्या हॉलमधून आणलेला एक खोका माझ्यापुढे धरलास. म्हणालास, "मासा जरा गार झालाय."

मी कोण आहे हे माहीत असताना तू माझ्याशी बोललेलं तेवीस वर्षांतलं पहिलं वाक्य. मासा जरा गार झालाय.

खोका मी कचऱ्यात टाकला. बुशानं तो बाहेर काढला, पुसला, टेस आल्यावर तिला मासा गरम करून दिला. टेसनं खाल्ला. वर विचारते, हे आजोबा पुढच्या शुक्रवारी पण येणार का?

येऊ नकोस. तिला चार दिवस लाडावून तू निघून जाशील आणि मग बुशा आजारी पडेल. हॉस्पिटलात तिच्या उशाशी मी बसेन. तिथे तू नसशील.

मार्सी


९ एप्रिल

लेन,

आलास. दर शुक्रवारी आलास. गाडीतून उतरला नाहीस, हॉर्न वाजवला नाहीस, नुसता इंजिन चालू ठेवून समोर उभा. आणि ती राखाडी कोट घालून अर्धा तास आधीच खिडकीपाशी. पॅरिशमध्ये आता बायका मला थांबवून म्हणतात, "तुझ्या बुशाला किती टवटवी आलीय गं." आठ वर्षं तिच्या पायांना तेल चोळलं तेव्हा कुणाला टवटवी दिसली नव्हती.

रिफंड आला. भट्टी बसली. गेल्या गुरुवारी माणसं येऊन लावून गेली. टेस उघड्या पायांनी घरभर फिरली, फरशीला गाल लावून बघितला. मी ओव्हनचं दार बंद केलं आणि खुर्ची ओढून तिथेच बसले. कितीतरी महिन्यांनी अंगावर एकच स्वेटर होता.

रविवारी जेवताना बुशा म्हणाली, "मार्सेलिना, ईस्टर झाला की मी लेनकडे राहायला जाते."

माझ्या हातात बटाट्यांचं भांडं होतं. ते मी खाली ठेवलं.

"घर आत्ता गरम झालं," मी म्हटलं.

"म्हणूनच आत्ता सांगते. थंडीत गेले असते तर म्हणाली असतीस, गारठ्याला कंटाळून गेली."

"त्याला तू किती ओळखतेस?"

"मी त्याला जन्म दिलाय."

"आणि सांभाळलं कुणी तुला? त्यानं?"

"तूच. म्हणून तर जाते. आठ वर्षं तू मला उचलतेस, बसवतेस, भरवतेस. मी मेलेल्यासारखी बसून असते. तिकडे तो डब्यातलं थंड सूप उभ्यानं पितो. मला कुणाला तरी सांभाळायचंय आता, मरायच्या आधी."

"तो पळून जाईल, बुशा."

त्यावर ती हसली. तिचे दात तिनं काढून ठेवले होते. "माझ्या घरातून पळाला. स्वतःच्या घरातून कुठे पळेल? भाडं त्याच्या नावावर आहे."

मी टेबलावरून उठले आणि तळघरात जाऊन त्या नव्या भट्टीसमोर बसले. वर टेस तिला विचारत होती, "मम्मी रागावली?" आणि बुशा म्हणत होती, "हो. तिचं बरोबर आहे. तू बटाटे खा."

तर आता ऐक. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागते. तिला नाही म्हण. ती माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. काही न बोलता निघून जाणं तुला जमतं, ते सगळ्यांना माहीत आहे. एकदा तोंडानं, तिच्यासमोर उभं राहून, नाही म्हणून बघ. एवढं केलंस तर बाकीचं मी कधी उकरणार नाही.

मार्सी


२३ एप्रिल

लेन,

तू माझा शब्द राखलास, हे लिहिलं पाहिजे. लिहायला आवडत नाहीये.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तू पहिल्यांदा गाडीतून उतरून ओसरीवर आलास. टोपी हातात घेतलीस. मी जाळीच्या दाराआड होते, तुला दिसत होते की नाही माहीत नाही. तू म्हणालास, "आई, मला जमणार नाही. मी ते नीट करू शकणार नाही. तू इथे मार्सीकडे बरी आहेस." मी तुला सांगितलं होतं असं तू म्हणाला नाहीस. माझं नाव पुढे केलं असतंस तर सुटला असतास. केलं नाहीस.

बुशानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझ्याकडे खाट एक आहे का दोन?"

"एक."

"दुसरी घेऊन ये. सोमवारी सामान न्यायला ये."

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणजे मी दिसत होते. तुझ्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी याआधी आरशात बघितलीय, टेसला पहिल्यांदा हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशी. मी जाळी उघडली नाही. पण तिच्या हट्टापुढे माझंही काही चालत नाही, ते तुला तेव्हा कळलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा आपण दोघं एका बाजूला होतो आणि हरलो.

काल तू आलास तेव्हा टेस दारामागे पाण्याचं पिस्तूल घेऊन लपली होती. ईस्टरचा दुसरा दिवस, आपल्याकडे एकमेकांवर पाणी उडवायचाच दिवस. तिनं तुला कोटापासून बुटापर्यंत भिजवलं. तू हलला नाहीस, डोळे मिटून उभा राहिलास आणि पाणी संपल्यावर विचारलंस, "अजून आहे?" बुशा हसून हसून खोकायला लागली. मी सामानाची पेटी आणायला आत गेले.

तू पेटी गाडीत ठेवलीस. तिनं मला जवळ ओढून कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाली, "रागव पाहिजे तेवढी. पण बारीक नको होऊस." आणि गेली. घर इतकं गरम आहे की मी खिडकी उघडली.

आता तिच्याबद्दल. हे तुला कुणी सांगणार नाही, ती तर मुळीच नाही, म्हणून मी लिहिते.

सकाळच्या गोळ्या ती तोंडात घेते आणि गिळल्याचं नाटक करते. पांढरी मोठी गोळी नॅपकिनमध्ये जाते. समोर उभा राहा, पाणी पिऊ दे, मग बोलायला लाव. बोलली म्हणजे गिळली.

जेवलीस का विचारलं तर 'हो' म्हणते. पातेलं बघ.

तिला डावीकडून उचलू नकोस. हाड तिकडचं मोडलंय. उजव्या बाजूला उभा राहा, हात पुढे कर, पण धरू नकोस. तिला वाटलं पाहिजे की तीच तुला धरतेय.

आंघोळीला मी लागायची. तू नको, तिला लाज वाटेल. बुधवारी आणि शनिवारी पॅरिशची नर्स येते, तिला तुझा पत्ता मी कळवलाय.

ती रात्री माझ्या आजोबांशी बोलते. घाबरू नकोस. उत्तरही देऊ नकोस, एकदा मी दिलं तर चिडली. म्हणाली, तुला कोण विचारतंय?

कोबी तिला सोसत नाही तरी मागेल. दे. रात्रभर पोट दुखेल, तेव्हा गरम पाण्याची पिशवी लागते. ती तिच्या पेटीत तळाशी आहे, निळ्या टॉवेलमध्ये.

रिटर्नबद्दल तू निरोप पाठवलास, की पुढच्या वर्षी तिचं नाव कुणाच्या कागदावर जायचं ते बघावं लागेल. बघ. ते तुझं काम. माझे कागद मिसेस पॅक्सन करतील, तुझ्या टेबलाशी मी पुन्हा बसणार नाही. रागावून लिहीत नाही, नियमच आहे.

तुला माफ केलं असं यातून काढू नकोस. मी अजून अकरा वर्षांची असल्यासारखी रागावते आणि चौतीस वर्षांची असल्यासारखी थकते, दोन्ही एकदम. टेसला तू आवडतोस. ते तिचं आणि तुझं. त्यात मला ओढू नका. दर शनिवारी दुपारी मी तिला सोडायला येईन. वर बोलावू नकोस.

आणि केस. हे शेवटी लिहितेय, पण हे आधी वाच. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. गेल्या हिवाळ्यापासून जात नाही. डॉक्टरलाही सांगत नाही. सकाळी ती कंगवा घेऊन आरशासमोर बसते आणि पुढचे केस विंचरल्यासारखं करते, मागचे तसेच गुंतलेले राहतात. विंचरून देऊ का, असं विचारू नकोस. विचारलंस तर नाही म्हणेल आणि दिवसभर तुझ्याशी बोलणार नाही. तिच्या हातातून कंगवा काढून घे, जसं काही तुलाच घाई आहे. खालून सुरुवात कर. गुंता ओढू नकोस, बोटांनी सोडव. शिव्या देईल, देऊ दे. वेणी सैल घाल आणि गुंडाळून दोन पिना लाव. तुला वेणी घालता येते. माझी घालायचास.

या शनिवारी ती खिडकीत येईल, टेसला हात करायला. मी गाडीतूनच तिचे केस बघेन. बाकी काही सांगायला येऊ नकोस, त्यावरून मला कळेल.

मार्सी